मागच्या सीटवरची बायको

योरिसला आपल्या बायकोच्या ड्रायव्हरचा मत्सर वाटत होता, आणि ही गोष्ट मन मोकळं करून कुणाला सांगावी म्हटलं, तर अख्ख्या कंपालात त्याच्या ओळखीचा तसा एकच माणूस होता: तो ड्रायव्हर.

भलता अर्थ काढू नये. प्रकरण तसलं नव्हतं. सालोंगो काग्वा अठ्ठावन्न वर्षांचा, गुडघ्यांनी गांजलेला, रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा आणि सहा मुलांचा बाप होता. तसलं प्रकरण असतं तर योरिसला एका परीने सोपं गेलं असतं. तसल्यात नवऱ्याने काय करायचं हे निदान ठरलेलं असतं. भांडायचं, दार आपटायचं, बहिणीला फोन करायचा. पण आपली बायको रोज साडेतीन तास एका माणसाच्या मानेशी बोलते आणि घरी येईपर्यंत तिच्याकडे बोलण्यासारखं काही उरत नाही, यावर कुठलं दार आपटणार?

सालोंगो हे नाव नव्हे, पदवी आहे. जुळ्यांच्या बापाला बुगांडात, म्हणजे कंपालाच्या आसपासच्या मुलखात, ती आपोआप मिळते आणि मरेपर्यंत कुणी काढून घेत नाही. योरिसलाही गेल्या तीन वर्षांत एक पदवी मिळाली होती. त्याची बायको लीस्बेट पाण्याच्या पंपांचं काम करणाऱ्या एका संस्थेत मोठ्या हुद्द्यावर होती. तिथल्या फायलीत तिच्या नावाखाली एक रकाना होता आणि त्यात लिहिलं होतं: 'अवलंबित: एक (पती)'.

हा माणूस हॉलंडातल्या झ्वोल्ला गावच्या शाळेत अठरा वर्षं भूगोल शिकवत आलेला. व्हिक्टोरिया सरोवर तो फळ्यावर डोळे मिटून काढायचा. आता मुयेंगाच्या टेकडीवरच्या बंगल्यात, न्हाणीघरात स्टुलावर उभं राहिलं की तेच सरोवर प्रत्यक्ष दिसायचं, आणि ते फळ्यावरच्याइतकं नीटनेटकं नव्हतं.

सकाळी पावणेसातला पांढरी जीप फाटकात यायची. लीस्बेट मागे डावीकडे बसायची. जायला दीड तास, यायला दोन. योरिस त्या जीपमध्ये कधीच बसला नव्हता. अवलंबितांना ऑफिसच्या गाडीत बसायचं तर अर्ज क्रमांक सतरा तीन दिवस आधी भरावा लागे, आणि आपल्याच बायकोशेजारी बसायला अर्ज करणं त्याला कमीपणाचं वाटे. तो फाटकात उभा राहून हात हलवायचा. मग मागे वळला की चौकीदार ओबुरा टोपीला हात लावून म्हणायचा, "छान काम केलंत, साहेब."

तिथली ती पद्धतच आहे. कामावर असलेल्याला, कामावरून आलेल्याला, नुसतं रस्त्यात भेटलेल्यालाही 'छान काम केलंत' म्हणतात, आणि समोरच्याने 'तुम्हीही' एवढंच म्हणायचं असतं. पहिल्या वर्षी योरिस थांबून खुलासा करायचा, "मी काहीच काम केलेलं नाही, ओबुरा." ओबुराला तो विनय वाटे. दुसऱ्या वर्षी त्याने खुलासा सोडला. तिसऱ्या वर्षी ओबुरा दिसला की तो मागच्या दाराने घरात जाऊ लागला.

संध्याकाळी सातला जीप परत यायची. योरिसने सूप गरम केलेलं असे.

"कसा गेला दिवस?"

"नेहमीसारखाच," लीस्बेट म्हणायची आणि बूट काढायची.

आणि मग दुसऱ्या दिवशी सालोंगो फाटकात टायरची हवा बघता बघता सहज म्हणायचा, "मॅडमची पाठ आता बरी आहे ना, सर?" किंवा, "त्या नवीन साहेबाने मॅडमचं ऐकलं एकदाचं. मी म्हणालो होतो, ऐकेल." योरिस म्हणायचा, "हो, हो." पाठ दुखत होती हे त्याला तेव्हा कळलेलं असे. नवीन साहेब आला हेसुद्धा.

बुधवारी परदेशी बायकांचा कॉफीचा कार्यक्रम असे. योरिस आल्यापासून त्याचं नाव बदलून 'जोडीदारांचा कार्यक्रम' ठेवलं होतं, आणि त्यात जोडीदार म्हणून दाढी असलेला तो एकटाच होता. विषय ठरलेले: कुणाच्या घरची पाण्याची टाकी फुटली, चांगलं चीज कुठे आलंय, कोण देश सोडून चाललंय आणि त्यांचा फ्रिज कुणी बोलून ठेवलाय. एकदा त्याने तिथे हळूच विषय काढून बघितला. सोल्वेग म्हणून एक नॉर्वेजियन बाई होती, नवऱ्यामागे पाच देश फिरलेली. ती कप खालीसुद्धा न ठेवता म्हणाली, "तुझा निदान एकच ड्रायव्हर आहे. माझ्याकडे बातमी पोचते ती आधी ड्रायव्हर, मग सेक्रेटरी, मग कुत्रा, मग मी. तू दुसऱ्या नंबरवर आहेस. गप बस."

योरिस गप बसला. पण दुसऱ्या नंबरवर असल्याचं समाधान त्याला काही मिळेना.

त्यातून यंदा एक खरीखुरी अडचण होती. लीस्बेटच्या नोकरीची मुदत ऑगस्टात संपत होती. आणखी दोन वर्षं राहायचं की परत जायचं, हे तिने ठरवायचं होतं. झ्वोल्लाच्या शाळेने योरिसची जागा तीन वर्षं राखून ठेवली होती. ती चौथं वर्ष ठेवणार नव्हती. येणार की नाही, ते या महिन्याच्या अखेरीस कळवा, असं मुख्याध्यापिकेने स्वच्छ लिहिलं होतं. ते पत्र योरिसने फ्रिजवर लावलं. लीस्बेट रोज फ्रिज उघडायची, दूध घ्यायची, बंद करायची. तो वाट बघत होता, ती विषय काढील म्हणून. ती काढत नव्हती.

गुरुवारी लीस्बेट चष्मा विसरली. जीप फाटकातून बाहेर पडली आणि कोपऱ्यावर थांबली. लीस्बेट कुणाशी तरी फोनवर बोलत होती, म्हणून सालोंगो स्वतः उतरून चष्मा न्यायला चालत आला. त्याने आतल्या खिशातून एक सोनेरी कडांचं कार्ड काढलं.

"सर, माझ्या जुळ्यांतल्या मुलीच्या, बाबिर्येच्या मागणीचा कार्यक्रम. येत्या शनिवारी, म्पिगीला, आमच्या घरी. मॅडम सकाळी लवकर येणार आहेत, माझी बहीण त्यांना आमच्या बायकांची गोमेसी नेसवणार आहे. तुम्ही बारापर्यंत या. तुमचा कांझू मी शिवून घेतलाय. माप मॅडमनी दिलं."

"वा," योरिस म्हणाला. माप मॅडमनी दिलं, हे त्याने मनात टिपून ठेवलं.

"आता माझं डोकं शांत झालं बघा," सालोंगो म्हणाला. "लग्न आणि नोकरी, दोन्ही काळज्या एकदम नको वाटत होत्या. मॅडम म्हणाल्या, आम्ही अजून दोन वर्षं आहोत. म्हटलं, मग मंडप मोठा घालायला हरकत नाही."

"हो, हो," योरिस म्हणाला.

चष्मा गेला. जीप गेली. योरिस घरात आला, फ्रिजवरचं पत्र काढलं आणि मुख्याध्यापिकेला मेल लिहिली: मी ऑगस्टात परत येतोय, जागा ठेवावी. मेल पाठवून त्याने एक अंडं उकडलं आणि उभ्या उभ्या खाल्लं. लीस्बेटला काही सांगायचं नाही असं त्याने ठरवलं. न सांगता राहणं म्हणजे काय असतं, ते तिलाही कळू दे.

पायघोळ पांढरा कांझू अंगावर तंतोतंत बसला. त्याचाही त्याला राग आला.

शनिवारी तो आपल्या गाडीने म्पिगीला निघाला. ही गाडी म्हणजे देश सोडून गेलेल्या एका डॅनिश कुटुंबाकडून घेतलेली जुनी टोयोटा. तिच्या मागच्या खिडकीवर त्यांच्या मुलांनी चिकटवलेला पेंग्विन अजून होता. पोचायला त्याला उशीर झाला. घराच्या बाहेर, फाटकाजवळ, माणसांची एक लांब रांग उभी होती: पांढरे कांझू, वर काळे कोट. योरिसनेही कांझूवर कोट चढवला होता. रांग दिसली की डच माणूस तिच्या शेवटी जाऊन उभा राहतो. रांग कसली आहे ते नंतर विचारता येतं. जागा मात्र एकदा गेली की गेली.

कुणी तरी त्याच्या कोटाला जांभळी रिबिन टाचली. कुणी तरी त्याच्या हातात टोमॅटो आणि कांद्यांची टोपली दिली. पुढे एक गुबगुबीत गृहस्थ होते, मुवोंगे नावाचे. त्यांनी मागे वळून त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "टोपली डोक्यावर घ्या. हातात धरलीत तर वजन कमी वाटतं. आपण कंजूस दिसू."

सगळ्याच पाहुण्यांना हे करावं लागत असेल, असं समजून योरिसने टोपली डोक्यावर घेतली. रांग आत गेली. अंगणात दोन मंडप समोरासमोर होते, मधे मोकळी जागा. रांग डावीकडच्या मंडपात शिरली, योरिसही शिरला, बसला, आणि मग समोर बघितलं. समोरच्या मंडपात पहिल्या ओळीत सालोंगो बसला होता, आणि त्याच्या ओळीत, त्याच्या बहिणीशेजारी, निळी गोमेसी नेसून, कंबरेला चकाकता पट्टा बांधून, लीस्बेट. ती शेजारणीच्या कानात काही तरी सांगत होती आणि दोघी हसत होत्या. घरी ती असं हसल्याला किती दिवस झाले, याचा योरिस हिशेब करू लागला.

"आपण कोणाकडचे?" त्याने मुवोंगेंना विचारलं.

"मुलाकडचे. मी मुलाचा काका. तुम्ही?"

"मी... मुलीच्या वडिलांच्या गाडीत बसणाऱ्या बाईंचा नवरा."

मुवोंगेंनी विचार केला. "मग तुम्ही चुकीच्या मंडपात आहात. पण आता उठता येणार नाही. आता उठलात तर मुलाकडचे पळून चालले असा अर्थ होईल."

मागणीच्या कार्यक्रमात बाप बोलत नाही. त्याच्या वतीने बोलायला तोंडाळ माणूस ठेवलेला असतो, आणि त्याचं काम मुलाकडच्यांना जेवढं रडवता येईल तेवढं रडवणं. सालोंगोने आणलेला माणूस त्या कामात नावाजलेला होता. चेहरा न्यायाधीशाचा, जीभ बाजारातली. मुलींचे घोळके एकामागून एक मधल्या मोकळ्या जागेत येत होते, गुडघे टेकून नमस्कार करत होते आणि मुलाकडचे रीतीप्रमाणे 'यांच्यात ती नाही, यांच्यात ती नाही' म्हणत होते. तिसऱ्या घोळक्यानंतर तो माणूस एकदम थांबला.

"पाहुण्यांनो, मघापासून बघतोय. तुमच्यात एक पांढरा गृहस्थ आहे. हा कोणत्या मुलीसाठी आलाय? आमच्या घरात आज एकच मुलगी द्यायची ठरलंय."

मुवोंगेंनी भाषांतर केलं. योरिस उभा राहिला. प्रश्न विचारला की उभं राहून खरं उत्तर द्यायचं, ही त्याने अठरा वर्षं मुलांना लावलेली शिस्त. उठताना टोपली कुठे ठेवावी ते सुचेना, म्हणून त्याने ती पुन्हा डोक्यावर घेतली.

"माझी बायको तिकडे बसली आहे," तो म्हणाला आणि बोट दाखवलं.

दोन्ही मंडपांतून एकदम हशा उसळला. त्या तोंडाळ माणसाला आयुष्यात असा घास मिळाला नसावा. तो लगेच झडप घालणारा नव्हता. त्याने आधी चष्मा पुसला.

"ती नांतेझा. या घरची मुलगी. आमच्या सालोंगोच्या गाडीतून तीन वर्षं हिंडतेय. तुमची ओळख आहे असं म्हणता?"

तिला इथे नाव होतं. तीन वर्षांत त्याला पत्ता नव्हता.

"सतरा वर्षं झाली लग्नाला," योरिस म्हणाला.

"मग फार सोपं आहे. संध्याकाळी न्साम्ब्याच्या चढावर गाड्या तुंबल्या की आमची नांतेझा काय खाते?"

"ती गाडीत खात नाही. सीटला डाग पडतात. आमच्या घरचा नियम आहे."

समोरचा मंडप हसून आडवा झाला. सालोंगोला बोलायची बंदी होती, त्याने नुसती दोन बोटं वर केली.

"दोन भाजलेली केळी," तो माणूस म्हणाला. "बरं, आणि खाऊन झाल्यावर कोणतं गाणं म्हणते?"

लीस्बेट गाते हेच योरिसला नवीन होतं. टोपलीतून एक टोमॅटो घरंगळून त्याच्या पायाशी पडला. समोर लीस्बेटने हात तोंडाला लावला होता. ती हसत होती आणि नजरेने त्याला 'बस खाली' म्हणत होती. पण खाली बसायची परवानगी मिळाली नव्हती.

"जाऊ द्या. शेवटचा प्रश्न, हा तर लहान पोरालाही येईल. नांतेझा आमच्याकडे अजून किती वर्षं आहे?"

योरिस काही बोलायच्या आत मुलीकडच्या सगळ्या मंडपाने एका आवाजात उत्तर दिलं. त्या दोन शब्दांचं भाषांतर मुवोंगेंनी केलं नाही, गरज नव्हती. मागच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्या बाईने तर दोन बोटंही दाखवली.

आणि तिथे लीस्बेटचं हसणं थांबलं. तिने योरिसकडे बघितलं. तो तिच्याकडे बघत होता, डोक्यावर कांदे घेऊन. सालोंगोने आधी तिच्याकडे बघितलं, मग योरिसकडे, आणि मग तो आपल्या बुटांकडे बघू लागला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला कळेना की कोणाला काय ठाऊक आहे.

त्या तोंडाळ माणसाला गर्दीचा श्वास कळत असे. त्याने आवाज खाली आणला. "आमच्यात मुलीला विचारल्याशिवाय काही होत नाही. नांतेझा, या माणसाला ओळखतेस का?"

लीस्बेट उठली, मधे आली, गोमेसी सावरत गुडघ्यांवर बसली आणि तिथल्या भाषेत सावकाश, नीट, दोन वाक्यं बोलली. योरिसला एक शब्द कळला नाही. लोक हसले, पण या वेळी हसू जरा मऊ होतं.

"काय म्हणाली?" त्याने मुवोंगेंना विचारलं.

"म्हणाल्या, तोंडओळख आहे. पण बराच वेळ टोपली डोक्यावर धरलीय, आत घ्या."

बाबिर्येचं त्या दिवशी ठरलं, केक कापला गेला, केळीच्या पानांतून कच्च्या केळ्यांचं वाफाळतं मटोके आलं. जेवण होईपर्यंत दोन मंडपांनी एकमेकांत मिसळायचं नसतं, म्हणून नवराबायको समोरासमोर बसून एकमेकांना जेवताना बघत राहिले.

निघताना सालोंगोच्या बहिणीने नांतेझाच्या माणसाला म्हणून दोन भेटी दिल्या: कच्च्या केळ्यांचा एक प्रचंड घड आणि पाय बांधलेली कोंबडी. टोयोटाच्या डिकीत मंडपाच्या उसन्या खुर्च्या आधीच कुणी तरी भरल्या होत्या. त्या वाटेत बुसेगाला पोचवायच्या होत्या. घड पुढच्या सीटवर ठेवला. तो ढळू नये म्हणून सालोंगोने स्वतः त्याला पट्टा बांधला. लीस्बेट, दुसरा इलाजच नव्हता म्हणून, मागे बसली. डावीकडे. मांडीवर कोंबडी.

बुसेगाला खुर्च्या उतरल्या. पुढे गाड्या तुंबल्या होत्या, नातेतेपर्यंत सगळा रस्ता लाल दिव्यांचा.

"नऊ दिवस झाले, मुदतवाढीचं पत्र माझ्या पर्समध्ये आहे," मागून आवाज आला. "सही केलेली नाही."

योरिसने आरशात बघायला मान वर केली.

"आरशात बघू नकोस. पुढे बघ."

तो पुढे बघू लागला. पुढे कोंबड्यांच्या खुराड्यांनी भरलेला ट्रक होता. लीस्बेटच्या मांडीवरची कोंबडी त्या ट्रककडे बघून बोलत होती.

"सालोंगोने विचारलं म्हणून मी 'राहतोय' म्हणाले. कार्ड छापायला देत होता तो. मला 'माहीत नाही' म्हणवेना."

"मला तरी 'माहीत नाही' म्हणायचंस."

"तू कुठे विचारलंस? तू शाळेचं पत्र फ्रिजवर लावलंस."

ट्रक दोन हात पुढे सरकला. योरिसही दोन हात सरकला.

"तुला खरं सांगू?" लीस्बेट म्हणाली. "घरी मला बोलताच येत नाही. तू समोर बसतोस, सूप ठेवतोस आणि दिवसभर वाट बघितलेल्या माणसासारखा बघतोस. मला वाटतं, आज मी कमी आणलं. मग मी काहीच काढत नाही. सालोंगोला मी काही देणं लागत नाही. तो विचारतो आणि रस्त्याकडे बघतो. मी काय बोलले यावर त्याचा चेहरा कसा झाला ते मला कधीच दिसत नाही. त्याचा एक कान दिसतो फक्त."

"माझाही आत्ता दिसत असेल."

"दिसतोय. तुझा जास्त लाल आहे."

मग ती बोलत राहिली. नातेतेपासून किबुयेपर्यंत, जवळजवळ एक तास. मागच्या वर्षी बसवलेल्या पंपांतले निम्मे बंद आहेत आणि अहवालात ते चालू आहेत, हे सांगितलं. नवीन साहेब तिला नावाने नव्हे, हुद्द्याने हाक मारतो, ते सांगितलं. पाठीचं सांगितलं. इथे गावात गेलं की बायका तिचे हात धरून 'छान काम केलंस' म्हणतात, आणि पंप बंद असला तरी म्हणतात, आणि ते ऐकायची तिला इतकी सवय झालीय की झ्वोल्लात परत जायची भीती वाटते, हे सांगितलं. "मला राहायचंय," ती म्हणाली. "आणि तुला राहा म्हणायची मला लाज वाटते. तीन वर्षं तू स्टुलावर उभा राहून सरोवर बघतोस."

योरिसच्या घशाशी बरंच काही आलं. पैकी जे सगळ्यात खाली होतं ते आधी बाहेर पडलं.

"मी गुरुवारी शाळेला कळवलं. परत येतोय म्हणून."

कोंबडीसुद्धा गप्प झाली.

"मला न सांगता?"

"तू त्याला सांगितलंस म्हणून."

हे बोलून झाल्यावर त्याला आपण सत्तेचाळीस वर्षांचे असल्याचं आठवलं. त्याला वाटलं, आता ती चिडेल. त्याला चेहरा दिसत नव्हता, म्हणून तो वाट बघत राहिला. मागून आधी नाक ओढल्यासारखा आवाज आला आणि मग लक्षात आलं की ती हसते आहे. दुपारच्यासारखं नाही; दमून.

"मागे फिरवता येईल का ती मेल?"

"सोमवारी दुसरी लिहिता येईल." मग किबुयेचा चौक ओलांडेपर्यंत तो थांबला. "एक अट आहे. दर शनिवारी मी गाडी चालवणार. तू मागे बसायचंस."

"आणि पुढे?"

"पुढे घड बसेल."

न्साम्ब्याच्या चढावर गाड्या पुन्हा थांबल्या. एक बाई निखाऱ्यांवर केळी भाजत बसली होती. लीस्बेटने काच खाली केली, नांतेझा म्हणून हाक आली, आणि तिने चार घेतली. दोन पुढे दिली. योरिसने ती स्टिअरिंगवर हात ठेवून खाल्ली. कांझूवर डाग पडला. गाणं मात्र तिने म्हटलं नाही, आणि त्याने मागितलंही नाही. पण सालोंगोला ते येतं आणि आपल्याला येत नाही, हे त्याच्या डोक्यातून गेलं नाही.

सोमवारी पावणेसातला जीप आली. लीस्बेट आत फोनवर मुख्य कचेरीशी बोलत होती. योरिस फाटकात गेला. सालोंगो जीपशेजारी टोपी हातात धरून उभा होता. तो कधीच टोपी काढत नसे.

"सर, काल मॅडमना फोन केला होता, आभार मानायला. मी विचारलं, शनिवारी माझं काही चुकलं का. तुम्ही राहताय की जाताय, तेही विचारलं. मॅडम म्हणाल्या, सरांना विचार."

योरिसने हे वाक्य मनात पुन्हा एकदा ऐकलं. सरांना विचार. तीन वर्षांत पहिल्यांदा बातमी त्याच्या खिशात होती आणि समोरचा रिकाम्या हाताने उभा होता. सांगायला काही घाई नाही, असं त्याला वाटलं. जरा वेळ उभा राहू दे. त्याने टायरकडे बघितलं. हवा बरी होती. मग त्याला सालोंगोच्या हातातली टोपी दिसली. तिची कड तो बोटांनी गोल गोल फिरवत होता, आणि मंडप खरंच मोठा होता.

"गाडीत बसून बोलू," योरिस म्हणाला.

"अर्ज भरलाय का, सर?"

"गाडी उभी आहे. उभ्या गाडीला अर्ज लागत नाही."

सालोंगो पुढे बसला. योरिस मागे, डावीकडे. सीट एका बाजूने जरा दबलेली होती. ती लीस्बेटची जागा. समोर सालोंगोची मान, एक कान आणि काचेपलीकडे बंद फाटक. दोघेही फाटकाकडे बघत राहिले.

"राहतोय," योरिस म्हणाला. "दोन वर्षं. मी माझ्या शाळेला आज तसं लिहिणार आहे."

सालोंगोने लांब श्वास सोडला. मान थोडी खाली आली. बाकी काही दिसलं नाही, आणि लीस्बेट म्हणत होती ते योरिसला एकदम पटलं: इथे बसून बोलणं फारच सोपं होतं. इतकं सोपं की तोंड आपोआप पुढे चाललं.

"आणखी एक सांगायचंय. मला तुमचा फार मत्सर वाटायचा, सालोंगो. तीन वर्षं. म्हणजे, अजूनही वाटतो."

"ठाऊक आहे, सर," सालोंगो फाटकाकडे बघत म्हणाला. "मॅडम बोलल्या होत्या. फेब्रुवारीत."

योरिस त्याच्या कानाकडे वाकला.

"आणखी काय काय बोलल्या?"

"गाडीतलं गाडीतच राहतं, सर."

"मी आत्ता गाडीतच आहे."

सालोंगोने या मुद्द्यावर प्रामाणिकपणे विचार केला. हात स्टिअरिंगवर ठेवले, काढले.

"चालू गाडीतलं म्हणतो मी, सर. ही उभी आहे."

घराचं दार वाजलं, लीस्बेट पर्स सावरत आली आणि आपल्या जागी नवरा बसलेला बघून थबकली. योरिस खाली उतरला. तिने आत बसताना त्याच्या दंडाला हात लावला. जीप वळली, कोपऱ्यापर्यंत गेली, आणि कोपऱ्यावर पोचायच्या आतच मागच्या काचेतून दिसलं की ती पुढे वाकून काही तरी सांगू लागली आहे.

ओबुराने फाटक लावलं आणि टोपीला हात लावला. "छान काम केलंत, साहेब."

"तुम्हीही," योरिस म्हणाला. आत जाऊन त्याने आधी शाळेला मेल लिहिली. मग लीस्बेटच्या ऑफिसला फोन लावला आणि अर्ज क्रमांक सतरा कुठे मिळतो ते विचारलं.